ट्रिएस्टेच्या वाऱ्यावरच्या शेवया

मी सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटूच नये. माझा थोरला भाऊ भागवत जन्मभर माझ्या गोष्टी ऐकत आला, एकही त्याला पटली नाही, आणि तो तर माझ्याहून मोठा थापाड्या होता. तरी सांगतो. इटली देशात समुद्राच्या काठाला ट्रिएस्टे नावाचं शहर आहे. त्या शहराच्या भर रस्त्यात मी, केदारखेड्याचा मच्छिंद्र, शेवया वाळत घातल्या, आणि त्यातल्या एका शेवईमुळं दोन देशांचे पोलीस समोरासमोर आले. ज्याला पटेल त्यानं ठेवून घ्यावं. ज्याला पटणार नाही त्यानं निदान उठून जाताना चप्पल स्वतःचीच घालावी.

ही हकीगत मी पहिल्यांदा सांगितली ती जालन्यातल्या आमच्या मस्तगडच्या गच्चीवर, शेवयाच्या दिवशी. शेवयाचं मशीन बाजेच्या लाकडाला आवळून बसवावं लागतं, आणि दांडा फिरवताना बाज उचलू नये म्हणून तिच्यावर कुणीतरी वजनदार माणूस बसावा लागतो. शेती वाट्यानं देऊन जालन्यात आल्यापासून घरात माझं वजन आहे ते एवढंच, आणि तेही उन्हाळ्यात. मी बाजेवर. आमची बायको पुष्पाबाई मशीनच्या तोंडात पिठाचा उंडा दाबणार. शेजारची हसीना खालून पडणाऱ्या शेवया झेलून दोरीवर टाकणार. दोन्ही घरांच्या शेवया आमच्या एकाच गच्चीवर होतात, कारण मशीन त्यांचं आणि बाज आमची.

दांडा फिरवायला हसीनाची पोरगी मदीहा होती. आणि त्या दिवशी दांडा असा फिरून राह्यल्ता की शेवया पडत नव्हत्या, पळत होत्या.

त्याला कारण होतं. आमची नात राजनंदिनी ट्रिएस्टेला शिकते, तिच्याच मागं मदीहालाही तिथं प्रवेश मिळाला होता. विषय काय, तर समुद्राच्या लाटांचं गणित. जालन्याच्या पोरीनं समुद्र शिकायचा! आमच्या कुंडलिका नदीत पाय भिजवायला पाणी नसतं. पण पोरगी हुशार, सगळा खर्चा तिकडचेच देणार होते, फक्त येते की नाही हे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. कॉम्प्युटरवर एक बटन दाबायचं, बस. मदीहाचा बाप अजमत मस्तगडातच कूलर दुरुस्त करतो. त्यानं हात वर केले होते, "हसीना म्हणेल ते." आणि हसीना काहीच म्हणत नव्हती. हो नाही, ना नाही. आठवडाभर तिनं तोंडाला कुलूप लावलं होतं.

सकाळी जिन्यात मदीहानं मला गाठलं. "आप्पा, अम्मीसमोर ट्रिएस्टेचं काहीतरी चांगलं बोला ना. प्लीज."

चांगलं बोला म्हणाली. खरं बोला असं काही म्हणाली नाही.

तर पहिली दोरी भरली तशी मी सुस्कारा टाकला. "दोरीवर शेवया बघितल्या की मला ट्रिएस्टे आठवतं."

पुष्पाबाईनं मान वर केली नाही. "तुम्ही कवा गेल्ते तिकडं?"

"नंदिनीला सोडायला."

"ते मुंबईला गेल्ते. विमानतळावर."

"विमानतळावर गेलो हे सगळ्या मस्तगडला माहीत आहे. तिथून पुढं कुठवर गेलो हे फक्त मला माहीत आहे."

ती गप बसली. कारण तेव्हा ती बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आष्टीला गेली होती, पोराला कंपनीतून सुट्टी नव्हती, नंदिनीला सोडायला मी एकटाच गेलो होतो आणि परत यायला मला बरेच दिवस लागले होते. एवढ्या दिवसात माणूस कुठंही जाऊन येऊ शकतो.

"ते गाव म्हणजे," मी मांडी बदलली, बाज कुरकुरली, "तिथं माणसापरीस शास्त्रज्ञ जास्त. दूधवाल्याला विचारलं, बाबा दुधात पाणी किती, तर तो खरं सांगतो. वर दशांश चिन्हासकट सांगतो. पारावरचे म्हातारे पत्ते कुटत न्हाईत, फळ्यावर गणितं सोडवतात. हरेल त्यानं कॉफी पाजायची. कॉफी केवढी, तर आपल्याकडं लेकराला खोकल्याचं औषध देतात तेवढी."

"मंग तिथं तुमचं कसं भागलं?" पुष्पाबाई म्हणाली. "तुम्हाला तर पावकीपण येत न्हाई."

"मी हरतच होतो ना! रोज सगळ्यांना कॉफी पाजली."

मदीहा हसली. हसीना नाही. ती शेवया झेलून, झटकून, दोरीवर टाकत होती, आणि तिचा हात बराबर चालला होता. मी डाव बदलला.

"आणि माणसं तरी किती जातीची! बंदरच ते. जहाजातून उतरला तो तिथलाच झाला. एका रस्त्याला सर्ब लोकांचं चर्च, समुद्राकडं ग्रीकांचं, जरा आत यहुद्यांचं मंदिर. इटालियन बोलता बोलता माणूस स्लोव्हेनियन बोलायला लागतो आणि शिवी तिसऱ्याच भाषेत देतो."

"नमाजची जागा?" हसीनानं विचारलं. आठवड्यातला तिचा पहिला शब्द असावा.

"आहे की. तुर्की, बोस्नियाचे, बंगाली, सगळे एका ओळीत. माझ्या डोळ्यानं बघितलं."

"तुम्ही आत गेल्ते?"

"बाहेर चपला राखत होतो."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला असं मला वाटलं. मग मी हुकमाचं पान टाकलं. "आणि समुद्रावर अंघोळीची एक जागा आहे. तिथं वाळूत मधोमध भिंत. पांढरी, उंच. भिंतीच्या एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष. नवरा-बायको जोडीनं येतात, दारात एकमेकाला टाटा करतात, आणि आपापल्या बाजूला जातात. जगात कुठंच न्हाई, इटलीत ट्रिएस्टेलाच."

"ही मात्र हद्द झाली," पुष्पाबाईनं उंडा परातीत आपटला. "इटलीत! भिंत! पोरी, ह्यांना उन्हातून सावलीत बसव."

"थांबा आजी." मदीहानं दांडा सोडला, मोबाईल काढला, बोटानं खरडलं आणि आईसमोर धरला. "अम्मी, देखो."

भिंत होती. पांढरी, पाण्यात थोडी आत गेलेली. अलीकडं म्हाताऱ्या बाया निवांत ऊन खात बसलेल्या. हसीनानं ओढणीला हात पुसून मोबाईल घेतला आणि खूप वेळ बघितला. पुष्पाबाईनंही बघितला. मग माझ्याकडं बघितलं, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच तिच्या नजरेत शंका आली की हा माणूस चक्क खरं बोलत असेल की काय?

थाप मारणाऱ्यानं एवढं शिकून ठेवावं. दुधाला विरजण लागतं चमचाभर, थापेलाही तेवढंच खरं लागतं. ते भिंतीचं मला नंदिनीनं फोनवर सांगितलं होतं. त्यानंतर पातेलंभर दही माझं.

"तर शेवया," मी म्हणालो. "सांगू का नको?"

"सांगा," मदीहा म्हणाली आणि दांडा फिरायला लागला.

"तिथं वारा आहे. त्याला नाव आहे, बोरा. आपल्याकडं वावटळ येते, दोन पत्रे उडवते आणि जाते. हा बोरा डोंगरावरून समुद्राकडं सुटला की कुत्र्यांना मालक सांभाळावे लागतात. माझी टोपी गेली. कशी गेली विचारा."

"कशी गेली?"

"सरळ. मंग धोतराचा सोगा गेला. मंग पासपोर्ट गेला खिशातून."

"बरा गेला!" पुष्पाबाई म्हणाली. "मी तेच विचारणार होते, पासपोर्ट दाखवा म्हणून."

"तुझ्या मनातलं वाऱ्याला आधीच कळलं. आता ऐक. अशा वाऱ्यात म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून तिथली नगरपालिका रस्त्याच्या कडेनं दोर बांधते. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत. धरून धरून चालायचं. आता मला बापड्याला काय माहीत? मी सकाळी खोलीच्या खिडकीतून बघतो, तर नगरपालिकेची माणसं गल्लीभर दोऱ्या बांधून राह्यलेत. छातीएवढ्या उंचीवर, ताणून, एका रेषेत. ऊन पडलेलं. कोरडा वारा. मला भरूनच आलं. म्हटलं, काय नगरपालिका आहे! बायांना शेवया वाळवायला दोऱ्या बांधून देते! आपल्याकडं नळाला पाणी सोडायची मारामार."

हसीनाच्या हातातली शेवयाची लड तशीच राहिली. ती दोरीकडं बघत होती, आणि दोरीचं तिला हसू येत होतं, माझं नव्हे, असं तिनं दाखवलं.

"नंदिनीकडं रवा होता. मी उंडा तिंबला, पाटावर वळल्या, आणि गेलो खाली. सगळी गल्ली भरून टाकली. लोक धरायला दोरी शोधतात तर हातात शेवया! एक म्हातारी मला काहीतरी बोलली. मी म्हटलं, मावशी, दुपारपर्यंत थांबा, वाळल्या की तुम्हालाही देतो. आणि तेवढ्यात बोरा आला."

"उडाल्या?" मदीहा म्हणाली.

"उडतील कशानं? गव्हाची ताकद आहे, मैदा न्हाई तो. उडाल्या न्हाईत, लांब झाल्या. वाऱ्यानं एक टोक धरलं आणि ओढायला लागला. शेवई बारीक बारीक, केसाहून बारीक, आणि चालली. चौक ओलांडला. तिथला चौक मोठा नामी, तीन बाजूला वाडे आणि चौथ्या बाजूला सरळ समुद्र. चौकातून दीपस्तंभाला वेढा घालून शेवई वळली आणि डोंगर चढायला लागली."

"शेवई डोंगर चढली," पुष्पाबाई उंड्याला म्हणाली.

"नंदिनीच्या विद्यापीठाची पोरं बाहेर पळाली. शास्त्राची पोरं, त्यांना असलं काही दिसलं की भूक लागते. अर्जेंटिनाच्या पोरीनं एक टोक धरलं. घानाचा एक उंच पोरगा मधून उचलून धरतो, म्हणजे मोटारी खालून जातील. एक इराणी पोरगा वहीत आकडे मांडून राह्यला. प्रोफेसर आले, चष्मा पुसला, मला विचारतात, हा धागा कुठल्या प्रयोगशाळेतला? मी म्हटलं, मस्तगड."

मदीहा दांडा सोडून पोट धरून बसली.

"आता त्या गावाची गंमत अशी की देशाची हद्द अगदी उशाला. डोंगर चढला की स्लोव्हेनिया. आपण केदारखेड्याहून भोकरदनला जातो तसे लोक दुसऱ्या देशात भाजी आणायला जातात. शेवई हद्द ओलांडून गेली. तिकडच्या पोलिसानं तिला धरली. इकडच्यानं सोडली न्हाई. तो म्हणतो, कागद दाखवा. हा म्हणतो, तुमच्याकडं आली तर तुमची. दोघंही दोन टोकं धरून उभे, मध्ये डोंगर. शेवटी मी गेलो आणि म्हटलं, साहेब, शेवई मोडू नका. अर्ध्यावरून मोडली तर आमच्याकडं अपशकुन समजतात. तिची खीर करू, आणि दोन्हीकडचे एका ताटात खाऊ."

"आणि त्यांनी ऐकलं?" हसीनानं विचारलं. आता ती मला उघड उघड ऐकत होती.

"ऐकलं, पण भांडण खिरीपाशीच झालं. तुर्की पोरगा म्हणतो, ही तर आमची. इराणी म्हणतो, नाव आमचं, पदार्थ आमचा, तुम्ही शिकलात. इटालियन तर रडकुंडीला आला, म्हणतो दुधात! साखरेत! आमच्या बाबतीत असं करता! त्याच्या दृष्टीनं कुणी गंगेत कपडे धुतले असते तरी चाललं असतं. मी एक वाटी त्याच्या हातात दिली. तो रागारागानं एक घास खातो, दुसरा खातो, आणि मंग म्हणतो, आमच्या आजीला सांगू नका."

हसीना हसली. ओढणी तोंडाला लावून, खांदे हलवत, आवाज दाबत. मग दाबता येईना तसं मोकळं. मदीहा आईकडं बघत राहिली. मीही. मला वाटलं, झालं काम. आता हळूच म्हणायचं, "पाठव पोरीला."

पण हसीनानं डोळे पुसले आणि ती आमच्या बाजेसमोर खाली बसली. हातातली लड परातीत ठेवली.

"आप्पा, भिंत असेल. दोऱ्या असतील. सगळं असू द्या. एक गोष्ट सांगा. पोरगी आजारी पडली तर?"

दांडा थांबला होता. खाली रस्त्यावर कुणीतरी उसाच्या रसाचं घुंगरू वाजवत होतं.

"औषध मिळेल. दवाखाना असेल, मला मालूम आहे," ती म्हणाली. "मी ते विचारून नाही राह्यले. अंगात ताप आहे, उठून पाणी घेता येईना, आणि 'अम्मी' म्हटलं तर ओ द्यायला कुणी न्हाई. त्या टायमाला उशाशी कोण?"

मदीहानं माझ्याकडं बघितलं. ते बघणं असं होतं की तुम्हीही तेच केलं असतं जे मी केलं.

"उशाशी?" मी म्हणालो. "अगं, नंदिनीला आलाच होता की ताप! चांगला सणकून. अंग तव्यासारखं. डोळे उघडवत न्हाईत."

हसीनाचा चेहरा उतरला. एकदम, पाणी ओतल्यावर निखारा विझतो तसा. आवाजही बदलला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

मला काही कळलं नाही, पण थाप सुरू झाली की मागं वळून बघायचं नसतं. "सांगायचं कशाला? मी तिथंच होतो ना. तिच्या उशाशी बसलो होतो. कपाळावर पट्ट्या मीच ठेवल्या."

"तुम्ही ठेवल्या?"

"ह्या हातानं. म्हटलं, पोरी, घाबरू नको, आप्पा आहे. तशी ती झोपली. लगेच बरी झाली. म्हणून सांगतो, आजारपणाचं काही भेव न्हाई तिथं."

"झूट!" हसीना उठून उभी राहिली. एवढ्या मोठ्यानं म्हणाली की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "बिलकुल झूट! नंदिनीला ताप आला तो जानेवारीत आला. तेव्हा तुम्ही ह्या बाजेवर उन्हात बसून हुरडा खाऊन राह्यल्ते! आणि उशाशी तुम्ही नव्हते, उशाशी हिवोत होती!"

पुष्पाबाईच्या हातातला उंडा गळून पडला. "कसला ताप? कोण हिवोत?"

हसीनानं ओठ चावला, पण आता उशीर झाला होता. "काकू, माफ करा. नंदिनीनं कसम घातल्ती. म्हणे, आजी-आप्पा हाय खातील, आईबापाला पण सांगू नका, तुम्हाला एकटीला सांगते. तिचा फोन आला तवा तिला धड बोलता येत नव्हतं. ओठ फाटलेले. मी इथून बघते, ती तिथं एकटी पडलेली. मला वाटलं मी हातानं काच फोडून आत जाईन. तेव्हापासून…" ती मदीहाकडं बघायचं टाळत होती. "तेव्हापासून मला ते तोंड दिसून राह्यलं. पण तोंड हिचं दिसतं."

"अम्मी," मदीहा म्हणाली.

"मंग दार वाजलं. शेजारच्या खोलीतली पोरगी. इथिओपियाची. तिला माझी भाषा येईना, मला तिची येईना. नंदिनी झोपलेली. मी म्हटलं, पेज करायची आहे. तिला काय कळणार पेज? तिनं फोन पातेल्यावर धरला. मी बोटानं दाखवलं, तांदूळ एवढे, पाणी एवढं. ती पाणी ओतते आणि माझ्याकडं बघते. मी हाताचं बोट वर करते, अजून. ती अजून ओतते. मीठ टाकायच्या टायमाला तिनं चिमूट फोनला दाखवली. बराबर घेतली होती, माझ्यासारखीच, तीन बोटांची. मंग तिनं नंदिनीचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाजली. दुसऱ्या दिवशी आपला अभ्यास सोडून तिथंच. तिसऱ्या दिवशी पण. कोण कुठली पोरगी! तिच्या अम्मीनं तिला कोणत्या हिमतीनं पाठवलं असेल एवढ्या लांब, मी रोज म्हणायची. बरं झालं, पाठवलं म्हणून, न्हाई तर…"

ती बोलता बोलता थांबली. जे तोंडातून निघालं ते तिनं स्वतःच ऐकलं. आम्हीही ऐकलं. पुष्पाबाईनं पदर डोळ्याला लावला होता, नातीच्या तापासाठी, तीन महिने उशिरा.

मदीहानं दांडा नुसता धरून ठेवला. शहाणी पोरगी. लाटांचं गणित करणारी, तिला कळतं कधी हलायचं नाही ते.

हसीना तिच्याकडं वळली. मग तिच्या कपाळावर उडालेलं पीठ तिनं अंगठ्यानं पुसलं.

"बैठी क्या है?" ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत थांबून काय करणार? जा, दाब ते बटन. आणि हिवोतला सांग, ह्या टायमाला मी तिला खिचडी शिकवणार आहे."

जिन्यावरून मदीहा अशी खाली गेली की तिची एक चप्पल मधल्या पायरीवरच राहिली. खालून तिचा "अब्बूऽऽ" असा आवाज गेला, तो अजमतच्या दुकानापर्यंत गेला असणार.

आता सांगा, इतकं सगळं माझ्यामुळं जुळून आलं. माझ्या तोंडून ताप निघाला नसता तर हे कुलूप उघडलं असतं का? माणसानं आपलं श्रेय सोडू नये. मी बाजेवर नीट सरसावून बसलो.

"मी म्हणालो नव्हतो, हसीना? पोरीची काही काळजी करू नको. मी स्वतः राहून आलोय त्या गावात, ट्रिएस्टेच्या समुद्राचं पाणी चाखलंय ह्या जिभेनं…"

"आप्पा!" हसीना एका हातानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्यानं तिनं माझ्याकडं बोट रोखलं होतं. "तुम्ही जे खारं पाणी चाखलं ते समुद्राचं नव्हतं! नंदिनीनं सगळं सांगितलंय मला. तुम्ही मुंबईच्या विमानतळाच्या दारापाशी काचेला नाक लावून लहान लेकरासारखे रडून राह्यल्ते, शेवटी तिथल्या शिपायानं तुम्हाला टॅक्सीत बसवून पनवेलला तुमच्या त्या जुन्या दोस्ताच्या, कचरूभाऊच्या घरी धाडलं, आणि तिथून तुम्ही एक पाऊलसुद्धा पुढं गेले न्हाईत!"